व्ही-ग्रूव्हचा तळ जुळवताना

चित्राभोवती बसवलेल्या जाड बोर्डाच्या चौकटीच्या, म्हणजे माउंटच्या, खिडकीबाहेर बोटभर अंतरावरून धावणारी बारीक पांढरी रेघ म्हणजे बोर्डाच्या अंगात कोरलेली खाच. माउंट कापणारं यंत्र, कॉम्प्युटर मॅट कटर, त्यासाठी प्रत्येक बाजूला दोन तिरपे काप देतो. आतल्या रेषेचा काप बाहेर झुकलेला असतो, बाहेरच्या रेषेचा आत झुकलेला. दोन्हींची टोकं बोर्डाच्या पोटात एका रेषेवर भेटली की मधली त्रिकोणी पट्टी सुटते आणि व्ही-ग्रूव्ह तयार होतो. भेटली नाहीत तर पट्टी अडकते, फाटते, कोपऱ्यात लोंबत राहते. मग माणूस सॉफ्टवेअर उघडून दिसेल तो आकडा फिरवायला लागतो आणि तासाभराने कुठून निघालो होतो तेही सापडत नाही.

आमच्या टेबलावर ग्रूव्ह बसवताना क्रम ठरलेला आहे: पातं, बोर्ड, खोली, रुंदी आणि सगळ्यात शेवटी कोपरे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदलायचं ते बाहेर पडलेल्या पट्टीला विचारायचं. ग्रूव्हपेक्षा ती पट्टी जास्त बोलते.

मशीन विझार्ड असो, गुन्नार असो की वालियानी, सॉफ्टवेअरमधली नावं आणि पडदे वेगळे असतात. ४५ अंशाच्या कापाचं गणित मात्र सगळीकडे सारखंच. ग्रूव्हची वरची रुंदी ही खोलीच्या दुप्पट. ०.८ मिमी खोल गेलात तर वर १.६ मिमीची रेघ मिळणार. नेहमीचा फोर-प्लाय (चार थरांचा) माउंट बोर्ड साधारण १.४ मिमी जाड असतो, म्हणजे खाचेखाली ०.६ मिमी शिल्लक राहतो. रेघ २ मिमीची हवी म्हटलं की खोली १ मिमी होते आणि खाली जेमतेम ०.४ मिमी उरतो. असा माउंट उचलताना ग्रूव्हवर दुमडतो. दिसायला रुंद रेघ हवी असेल तर फोर-प्लायवर हट्ट करण्यापेक्षा दोन बारीक ग्रूव्ह शेजारी घ्यावेत किंवा दुप्पट जाडीचा एट-प्लाय बोर्ड वापरावा. आम्ही फोर-प्लायवर १.६ च्या पुढे सहसा जात नाही.

हे लिहिताना टेबलावर जे काम आहे ते नेहमीचंच: १४ बाय २० इंचांचं जुनं छापील देवचित्र, चारही बाजूंना तीन इंच माउंट, खिडकीच्या कडेपासून १० मिमी बाहेर एक ग्रूव्ह. बोर्ड हस्तिदंती रंगाचा, पांढऱ्या गाभ्याचा, आम्लरहित. गाभ्याबद्दल इथे आग्रह धरायलाच हवा. साध्या लाकडी लगद्याच्या बोर्डात गाभा काही वर्षांत पिवळा, मग तपकिरी पडतो. खिडकीच्या बेव्हलवर (तिरप्या कापलेल्या कडेवर) तो एका कडेला दिसतो, ग्रूव्हमध्ये तर चित्राभोवती पिवळी चौकट आखल्यासारखा दिसतो. ज्या चित्राला ग्रूव्ह द्यावासा वाटतो त्याला चांगला बोर्ड द्यायलाच हवा.

सुरुवात पात्यापासून. पात्याचं टोक ही केसाएवढी गोष्ट आहे आणि ग्रूव्ह पूर्णपणे तिच्यावर उभा आहे. आरपार खिडकी कापताना टोक ०.१ मिमी झिजलं तरी कळत नाही, कारण पातं तसंही बोर्डाच्या खाली गेलेलं असतं. ग्रूव्हमध्ये तेच ०.१ मिमी खोलीतून वजा होतं. दोन्ही काप मिळून तळाशी ०.२ मिमीचा न कापलेला पूल राहतो आणि पट्टी सुटत नाही. सकाळी उत्तम चाललेला ग्रूव्ह दुपारी अडकायला लागला तर सेटिंग कुणी बदललेली नसते, टोक गेलेलं असतं. अशा वेळी खोली वाढवली तर तेवढ्यापुरतं निभतं, पण पुढचं नवं पातं बसवलं की तेच सेटिंग जास्त खोल जातं आणि दोष दुसऱ्या बाजूने उगवतो. म्हणून ग्रूव्हचं सेटिंग नेहमी नव्या पात्यावरच करायचं.

पातं बसवताना धारकाची फट कोरड्या ब्रशने झाडून घ्यायची. बोर्डाचा गाभा कापताना पिठासारखी धूळ पडते आणि ती नेमकी पात्याच्या बैठकीत जाऊन बसते. धुळीचा एक कण पात्याच्या मागे राहिला की पातं तेवढंच पुढे येतं, एक कण बाजूला राहिला की ते तिरकं धरलं जातं. पातं शेवटापर्यंत सरकवून, स्क्रू किंवा चाप घट्ट करून, भिंगाखाली टोक बघायचं. १० पट मोठं दाखवणारं सोनारी भिंग पुरतं. डब्यातल्या नव्या पात्यांपैकी एखाद्याचं टोकही मोडकं निघतं. एकाच मशीनवर वेगवेगळ्या जाडीची पाती आळीपाळीने वापरू नयेत. जाड पातं कमी वाकतं, बारीक पातं स्वच्छ कापतं, पण दोघांची ऑफसेट (टोक केंद्रापासून किती सरकलेलं आहे तो आकडा) एक नसते.

मग बोर्ड. बाहेरच्या कॅलिपरने किंवा मायक्रोमीटरने चार कोपरे आणि एक कडेचा मध्य, अशी पाच मापं घेतो. या शीटवर १.३८ ते १.४२ आली, म्हणजे ठीक. पाच मापांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ग्रूव्ह सगळीकडे सारखा येणारच नाही, तो बोर्ड साध्या माउंटला वापरावा. आपल्याकडे पावसाळ्यात ही मापं बदलतात. जुलै-ऑगस्टमध्ये बोर्ड हवेतली ओल धरतो, किंचित फुगतो आणि मुख्य म्हणजे गाभा मऊ पडतो. मऊ गाभा कापला जाण्याऐवजी पात्यापुढे ढकलला जातो, खाचेची भिंत लव उठल्यासारखी दिसते. पावसाळ्यात शीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सपाट ठेवतो आणि कापण्याच्या आधी एक दिवस मशीनच्याच खोलीत उघडी करून ठेवतो. जी खोली रात्री बंद आणि दिवसा एसीत असते तिथे बोर्ड दिवसातून दोनदा आकार बदलतो, हे लक्षात असू द्यावं. त्याच दिवसांत कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणीही रोज सोडायचं. हवेच्या नळीत पाणी गेलं की क्लॅम्पची (बोर्ड दाबून धरणाऱ्या चापांची) आणि हेडची (पातं धरून चालणाऱ्या भागाची) पकड सारखी राहत नाही.

वाकलेला बोर्ड ग्रूव्हचा शत्रू. क्लॅम्प कडा धरतात, पोट वर येतं. मग बाजूच्या दोन टोकांना ग्रूव्ह एक आणि मध्यावर वेगळा येतो. शीट टेबलावर ठेवून मध्ये बोट दाबलं आणि टक असा आवाज आला तर ती अजून कापायच्या लायक झालेली नाही. उलट्या बाजूने, सपाट वजनाखाली, एक रात्र.

बोर्डाखालची शीटही बघून घ्यायची. खिडक्या कापून कापून तिच्यावर चरे पडलेले असतात, आणि नेहमीच्या मापाच्या खिडक्या जिथे कापल्या जातात तिथे तर नाल्याच झालेल्या असतात. त्या नालीवर ग्रूव्हची बाजू आली की बोर्ड तिथे खाली दबतो आणि ग्रूव्ह उथळ होतो. नवी शीट घातली की अर्धे "सेटिंगचे" दोष नाहीसे होतात.

यानंतर चाचणीचा तुकडा, आणि तो त्याच शीटचा. दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या रंगाचा तुकडा घेऊन केलेली चाचणी फुकट जाते; काळ्या गाभ्याचा किंवा कापडी पृष्ठभागाचा बोर्ड वेगळाच कापला जातो. कापूस रॅगचा बोर्ड वरपासून खालपर्यंत एकजीव असतो आणि पात्याला मऊ लागतो, त्यालाही स्वतःची चाचणी लागते. १५ बाय १५ सेंटिमीटरचा तुकडा घेऊन पेन्सिलीने वरची बाजू दाखवणारा बाण आणि चार कोपऱ्यांना १ ते ४ आकडे लिहून ठेवतो. तुकडा मशीनवरून उचलून दोनदा फिरवला की कुठला कोपरा कुठे होता हे कुणालाच आठवत नाही. त्यावर १० सेंटिमीटरचा एक चौकोनी ग्रूव्ह, रुंदी १.६, खोली ०.८, वेग नेहमीच्या निम्मा.

खोलीच्या आकड्याबद्दल एक खुलासा आधीच करायला हवा, कारण इथे भलेभले फसतात. काही सॉफ्टवेअरमध्ये खोली म्हणजे पृष्ठभागापासून सरळ खाली किती, आणि काहींमध्ये पातं स्वतःच्या तिरप्या रेषेत किती पुढे सरकलं ते. ४५ अंशात ०.८ मिमी खोल जायला पात्याला १.१३ मिमी सरकावं लागतं. काही ठिकाणी तर आकडा मिमीत नसून एकक नसलेला नुसता अंक असतो. तुमच्या मशीनचा एक आकडा म्हणजे किती हे एकदा काढून भिंतीवर लिहून ठेवा. ते काढायला सोपं आहे: तुकड्यावर एकच सरळ काप द्यायचा, मग त्याला काटकोनात धारदार चाकूने तुकडा आरपार कापायचा आणि कडेकडून बघायचं. तुकडा किंचित वाकवला की फट उघडते, आणि भिंगाखाली मोजपट्टी धरून काप किती खोल गेला ते मोजता येतं. आकडा पाचाने वाढवून पुन्हा तेच. दोन मापांतून हिशेब निघतो.

आता पट्टी. पहिल्या चाचणीत डाव्या आणि खालच्या बाजूची पट्टी चिमट्याने उचलताच निघाली, वरची मध्येच तुटली, उजवी कोपऱ्यात धरून राहिली. निघालेल्या पट्टीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा काळ्या कागदावर उलटा ठेवला, म्हणजे रंगीत पाठ खाली आणि टोक वर. भिंगाखाली ती छोट्या छपरासारखी दिसते. दोन्ही उतार गुळगुळीत होते, पण छपराचा कणा धारदार नव्हता. तिथे साधारण ०.२ मिमीची सपाट, खरबरीत पट्टी होती आणि तिच्यावर कापसासारखे तंतू उभे होते. तंतू म्हणजे तेवढा भाग कापला गेला नाही, ओढून फाटला. १.६ मिमी रुंदीतून ०.२ वजा केले तर १.४ राहतात, त्याचे निम्मे ०.७. म्हणजे पडद्यावर ०.८ दिसत असताना पातं प्रत्यक्षात ०.७ मिमीच गेलं होतं. हा हिशेब पट्टीनेच करून दिला.

सेटिंगला हात न लावता आधी पातं बदललं, कारण पहिली चाचणी आम्ही मुद्दाम चालू पात्यावर घेतली होती, झीज किती ते कळावं म्हणून. नव्या पात्यावर कण्याची सपाट जागा निम्म्यावर आली, ०.१ मिमीच्या आसपास. म्हणजे खोली ०.७५ झाली. उरलेले ०.०५ मिमी सेटिंगमधून दिले. तिसऱ्या चाचणीत चारही पट्ट्या बोट लावताच सुटल्या आणि कणा चाकूच्या धारेसारखा निघाला.

इथे थांबायचं नाही. आणखी ०.०५ वाढवून चौथी चाचणी घ्यायची, मुद्दाम चूक होईपर्यंत पुढे जायचं. जास्त खोल गेलेल्या ग्रूव्हची पट्टी अगदी सुरेख निघते, म्हणूनच तो दोष लपतो. तिथे पट्टीकडे न बघता खाचेकडे बघावं लागतं. तुकडा खिडकीजवळ नेऊन उजेड आडवा पडू द्यायचा आणि ग्रूव्हवर किंचित वाकवायचा. तळाच्या रेषेपलीकडे दोन्ही बाजूंना केसासारख्या चिरा उघडतात, कारण दोन्ही काप एकमेकांना ओलांडून बोर्डाच्या पोटात शिरलेले असतात. सपाट ठेवल्यावर त्या मिटतात. पण माउंट हाताळला, काचेमागे दाबला, की तिथूनच बोर्ड मोडतो. चौथ्या चाचणीत त्या चिरा दिसल्या, म्हणजे वरची आणि खालची, दोन्ही मर्यादा कळल्या. सेटिंग त्या दोन्हींच्या मध्ये, तिसऱ्या चाचणीच्या किंचित पुढे, ०.०२ च्या आसपास ठेवलं. नेमकं भेटेल इतकं काटेकोर ठेवू नये. बोर्डाची जाडी एवढीतेवढी बदलतेच, आणि टोकांनी एकमेकांना जरासं ओलांडलेलं असलं की एक मीटर लांबीची पट्टीही सलग सुटते.

जाडीच्या बाबतीत मशीन कुठून मोजतं हेही एकदा तपासून ठेवावं. थोड्या जाड बोर्डावर तेच सेटिंग चालवा. ग्रूव्ह रुंद झाला पण तळ जुळलेलाच राहिला, तर तुमचं मशीन पात्याची खोली खालच्या टेबलावरून धरतं. रुंदी तीच राहिली आणि खाली शिल्लक बोर्ड वाढला, तर ते वरच्या पृष्ठभागावरून धरतं. पहिल्या प्रकारच्या मशीनवर बोर्ड बदलला की रेघेची जाडी बदलते, आणि एकाच ऑर्डरच्या सहा फ्रेम दोन वेगळ्या शीटमधून कापल्या तर भिंतीवर शेजारी टांगल्यावर तो फरक दिसतो.

पट्टीचा कणा मध्यावर नसून एका बाजूला सरकलेला असेल, एक उतार लांब आणि एक आखूड, तर दोन्ही कापांची खोली सारखी नाही. उलट झुकावाचा काप द्यायला हेड १८० अंशात फिरतं. फिरल्यावर पातं त्याच उंचीवर आलं नाही तर असं होतं. सगळ्या चारही बाजूंवर कणा एकाच बाजूला, समजा बाहेरच्या बाजूला, सरकलेला असेल तर दोष हेडमध्ये किंवा पात्याच्या बैठकीत आहे. फक्त एका बाजूवर असेल तर बोर्ड तिथे उचलला जातो आहे. काही मशीनमध्ये आतल्या आणि बाहेरच्या कापाची खोली वेगळी देता येते. ती सोय आम्ही शेवटचा उपाय म्हणून ठेवतो, कारण तिने दोष झाकला जातो, जात नाही.

जागा बदलली की निकाल बदलतो का, हेही बघायचं. तोच लहान चौकोन मोठ्या शीटच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी कापायचा. डावीकडे पट्टी सुटते आणि उजवीकडे अडकते असं असेल तर टेबल आणि हेडची चाल समांतर नाही. तिथे सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. टेबलाच्या लेव्हलिंगसाठी कारागीर बोलवावा.

खोली पक्की झाल्यावरच रुंदी. चारही बाजूंची रेघ व्हर्नियरने किंवा भिंगातल्या मोजपट्टीने मोजायची. चारही सारख्या पण ठरवल्यापेक्षा जास्त किंवा कमी आल्या तर पात्याची आडवी ऑफसेट सुधारायची, म्हणजे पात्याचं टोक हेडच्या फिरण्याच्या केंद्रापासून किती बाजूला आहे तो आकडा. तो बदलला की दोन्ही रेषा एकदम सरकतात, त्यामुळे फरकाच्या निम्माच आकडा द्यायचा. आमच्याकडे रेघ १.७ आली होती, ०.०५ ने सरकवली. रुंदी कमी केल्यावर टोकं जास्त ओलांडतात, म्हणून खोली पुन्हा एकदा तपासून रुंदीतल्या फरकाच्या निम्म्याने मागे घ्यावी लागते. उभ्या बाजूंची रेघ १.६ आणि आडव्यांची १.८ असा प्रकार असेल तर ऑफसेटला हात लावू नका. एका दिशेचा पट्टा सैल झालेला असतो किंवा त्या दिशेला खेळ आलेला असतो. हाताने हेड हलवून बघितलं तरी जाणवतं.

आता कोपरे. ग्रूव्ह बसवताना सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच आहेत. बहुतेकजण आठही काप सारखे धरून सगळ्यांची लांबी वाढवतात किंवा कमी करतात. पण आतल्या आणि बाहेरच्या रेषेचं काम कोपऱ्यात अगदी वेगळं असतं.

आतल्या रेषेचा काप बाहेर झुकलेला आहे. त्याचा तळ जिथे भेटतो तो चौकोन आतल्या चौकोनापेक्षा मोठा असतो, म्हणून हा काप कोपऱ्याच्या पुढे गेलाच पाहिजे. आणि पुढे गेलेला भाग शेजारच्या बाजूच्या पट्टीत जातो, जी तशीही गळणार आहे. खोलीइतका, आपल्या उदाहरणात ०.८ मिमीपर्यंत, तो निर्धास्त पुढे जाऊ द्यावा. माउंटवर त्याची खूण उरत नाही. कोपऱ्यात पट्टी आतल्या अंगाने धरून राहत असेल तर आतल्या रेषा वाढवा, बाकी कशाला हात लावू नका.

बाहेरच्या रेषेचं नेमकं उलट. तिचा तळ पृष्ठभागापेक्षा प्रत्येक टोकाला ०.८ मिमी आखूड हवा. पृष्ठभागावर ती कोपऱ्याच्या पुढे ०.२ मिमी जरी गेली तरी माउंटच्या रंगीत अंगावर कायमची शेपटी दिसते, आणि हस्तिदंती रंगापेक्षा काळ्या किंवा गडद लालवर ती फारच डोळ्यात भरते. पृष्ठभागावर बरोबर थांबली, पण पातं तिथपर्यंत पूर्ण खोलीवर आलं, तर शेजारच्या भिंतीत चीर पडते आणि ग्रूव्हच्या कोपऱ्यात एक बारीक काळी रेघ दिसते; ग्राहक त्याला मळ समजून घासतो. म्हणून बाहेरच्या रेषेवर पातं टोकाजवळ उतारानेच खाली जायला आणि वर यायला हवं. कापाच्या शेवटी ते बरंचसं आपोआप होतं, कारण पात्याची धार तिरपी असते, वरचा भाग पुढे आणि टोक मागे. सुरुवातीला मात्र टोक बोर्डात घुसताना मशीनला तो उतार द्यावा लागतो, म्हणून दोष बहुतेक वेळा सुरुवातीच्या कोपऱ्यांवर सापडतात.

तुकड्यावर लिहिलेले १ ते ४ आकडे इथे उपयोगी येतात. चारही सुरुवातींना शेपटी आणि चारही शेवटांना पट्टी अडकलेली, दोन्हींचं प्रमाण सारखं, असं दिसलं तर आठ ठिकाणी आठ दुरुस्त्या करत बसू नका. पूर्ण काप चालीच्या उलट दिशेला मागे सरकला आहे. चालीच्या दिशेतली पात्याची ऑफसेट तेवढी बदलली की चारही कोपरे एकदम जागेवर येतात. सुरुवात आणि शेवट दोन्हींकडे शेपटी असेल तर काप लांब आहे, तो आखूड करा. एकाच कोपऱ्यात दोष असेल आणि बाकी तीन स्वच्छ असतील तर आधी तो कोपरा टेबलावर दुसरीकडे नेऊन बघा. बरेचदा दोष जागेचा निघतो. कोपऱ्याची दुरुस्ती ०.१ मिमीच्या पायरीने करायची आणि प्रत्येक पायरीला नवा तुकडा. आमच्या या कामात सुरुवातीची दुरुस्ती दोन पायऱ्यांत बसली. तिसरी पायरी घेतल्यावर कोपऱ्यात पट्टी धरून राहिली, म्हणून परत दुसऱ्यावर आलो.

वेगाचा परिणामही कोपऱ्यातच दिसतो. वेग जास्त असला की हेड थांबताना थरथरतं, आणि कोपऱ्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन मिमीत रेघ किंचित लहरते. वेग निम्मा केला की दोष जातो, एका माउंटमागे एखादा मिनिट जास्त लागतो.

अंडाकृती ग्रूव्हला कोपरे नसतात, पण पातं सतत वळत कापतं आणि पात्याची रुंदी वळणाला नडते. मोठ्या वळणावर काही नाही, लहान वळणावर भिंत पायऱ्यापायऱ्यांची होते. तिथे उथळ आणि बारीक ग्रूव्ह घ्यावा. नक्षीदार कोपऱ्यांतही आत वळलेली कड ग्रूव्हच्या रुंदीच्या दुप्पट तरी मोकळी असावी. शेजारी दोन ग्रूव्ह घ्यायचे तर मधला कणा ३ मिमीपेक्षा कमी ठेवू नये. त्यावरचा रंगीत कागद पट्टी काढताना उचकटतो.

प्रत्यक्ष माउंट कापताना ग्रूव्ह आधी, खिडकी नंतर. खिडकी आधी कापली की मधला आधार जातो आणि ग्रूव्ह कापताना बोर्ड सरकतो किंवा दबतो. सॉफ्टवेअर क्रम स्वतः लावतं, तरी पडद्यावर एकदा बघून घ्यावा. ग्रूव्ह झाल्यावर मशीन थांबवता येत असेल तर थांबवून पट्ट्या काढाव्यात. सुटलेली पट्टी उभी राहिली आणि फिरत्या हेडखाली आली तर ती बोर्डावर दाबली जाते आणि फिक्या रंगावर तिचा ठसा राहतो.

पट्टी काढायची पद्धत: बाजूच्या मध्यावर बोथट सुई किंवा चिमट्याचं टोक कडेखाली घालून उचलायची आणि कोपऱ्याकडे, बोर्डाला समांतर ओढत न्यायची. वर खेचू नका. वर खेचली की कोपऱ्यातले न कापलेले दोन तंतू आपल्याबरोबर रंगीत कागदाची साल घेऊन जातात, आणि ती साल परत बसत नाही. कोपऱ्यात अडकलीच तर ओढायचं सोडून नवं एकधारी पातं ग्रूव्हच्या भिंतीवर टेकवून, भिंतीच्याच तिरप्या रेषेत हलकं दाबायचं. तंतू तुटतात, भिंत शाबूत राहते. तळाशी लव उरली तर बारीक पॉलिश पेपरची घडी करून तिच्या कडेने एकाच दिशेने दोनदा फिरवायची. ग्रूव्हच्या वरच्या दोन्ही कडा पातळ कागद ठेवून हाडाच्या घोटणीने घासल्या की कागद नीट बसतो आणि रेघ तलवारीसारखी दिसते. पेन्सिलीचे डाग पांढऱ्या व्हिनाइल खोडरबराने काढायचे. हाताचा घाम लागलेला पांढरा गाभा मात्र स्वच्छ होत नाही, त्यामुळे या टप्प्यावर सुती हातमोजे घालावेत.

या देवचित्राचा माउंट या सगळ्या तुकड्यांनंतर कापला. चारही पट्ट्या सलग निघाल्या, वरच्या बाजूची जवळजवळ १५ इंच लांबीची पट्टी एका ओढीत. ती आणि शेवटचा चाचणीचा तुकडा एकत्र चिकटवून ठेवले आहेत. तुकड्याच्या मागे लिहिलं आहे: बोर्डाचं नाव आणि रंग, मोजलेली जाडी १.४०, नवं पातं आणि त्याची जाडी, खोली, रुंदी, दोन्ही ऑफसेट, सुरुवातीच्या दुरुस्तीचा आकडा, वेग, तारीख आणि "पावसाळा". तोच बोर्ड डिसेंबरमध्ये परत येईल तेव्हा हे आकडे सरळ घालायचे नाहीत. तिथून सुरुवात करून एक तुकडा कापायचा, पट्टी उलटी करून भिंगाखाली कणा बघायचा आणि गरज असेल तेवढीच खोली हलवायची.